बफर कोणतं आणि नुसतं मिश्रण कोणतं? वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात बफर द्रावणांवरचे, म्हणजे थोडं आम्ल किंवा आम्लारी घातली तरी ज्यांचा पीएच फारसा हलत नाही अशा द्रावणांवरचे, प्रश्न इतके आले, की सदराची सगळी पानं त्यांनाच दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आकडेमोडीत ॲसेटिक आम्लाचा पीकेए (आम्ल किती तीव्र ते सांगणारा आकडा, लहान असेल तितकं आम्ल तीव्र) ४.७६ धरला आहे. काही पुस्तकांत ४.७४ दिसेल, तेवढ्यानं निष्कर्ष बदलत नाही.

प्रश्न : सराव परीक्षेत विचारलं होतं, ‘खालीलपैकी कोणत्या मिश्रणातून आम्लधर्मी बफर मिळेल?’ सगळी द्रावणं ०.१ मोलार. (अ) ॲसेटिक आम्ल ५० मिली आणि सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली. (आ) हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली आणि सोडियम क्लोराइड १०० मिली. (इ) ॲसेटिक आम्ल १०० मिली आणि सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली. (ई) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली आणि सोडियम ॲसिटेट १२५ मिली. मी ‘अ’ लिहिलं, कारण सौम्य आम्ल त्यात आहे. उत्तरपत्रिकेत ‘ई’ दिलंय. तिथं तर तीव्र आम्ल आहे! (बारावीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तरपत्रिका बरोबर आहे. तुम्ही बाटल्यांवरची नावं वाचून उत्तर दिलंत. बफर आहे की नाही हे मिसळण्याआधी काय होतं यावर ठरत नाही, अभिक्रिया संपल्यावर चंचुपात्रात काय उरलं यावर ठरतं. उरलेल्यात सौम्य आम्ल आणि त्याचीच संयुग्मी आम्लारी, म्हणजे त्या आम्लाच्या क्षारातला ऋण आयन, दोन्ही पुरेशा प्रमाणात हवेत. एक जरी संपलं तरी बफर नाही.

म्हणून आधी मिलिमोल काढा. मिली गुणिले मोलार केलं की मिलिमोल मिळतात. मग तीव्र आम्ल किंवा तीव्र आम्लारी जे असेल ते आधी पूर्ण खर्ची घाला. ते शिल्लक राहिलं तर पुढं बघायची गरजच नाही.

‘ई’मध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल ५ मिलिमोल आणि ॲसिटेट १२.५ मिलिमोल. तीव्र आम्लाचा प्रत्येक हायड्रोजन आयन एकेका ॲसिटेटला जाऊन चिकटतो आणि ॲसेटिक आम्ल तयार होतं. उरतं काय? ५ मिलिमोल ॲसेटिक आम्ल, ७.५ मिलिमोल ॲसिटेट, आणि प्रेक्षक म्हणून सोडियम व क्लोराइड. सूत्र असं, की पीएच म्हणजे पीकेए अधिक (संयुग्मी आम्लारी भागिले आम्ल) या गुणोत्तराचा लॉग. इथं गुणोत्तर १.५, त्याचा लॉग ०.१८, म्हणून पीएच ४.९४. तीव्र आम्लाचा मागमूसही राहिलेला नाही.

‘अ’मध्ये उलटं झालंय. ५ मिलिमोल आम्लावर १० मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड ओतलंय. आम्ल संपलं, ५ मिलिमोल हायड्रॉक्साइड १५० मिलीत मोकळं राहिलं, पीएच साडेबाराच्या वर. ‘इ’मध्ये दोन्ही १०-१० मिलिमोल, म्हणजे कुणीच उरत नाही. फक्त ०.०५ मोलार सोडियम ॲसिटेटचं द्रावण, पीएच ८.७ च्या आसपास. हाच पर्याय सर्वांत जास्त मुलांना फसवतो, कारण ‘सौम्य आम्ल अधिक तीव्र आम्लारी’ हे शब्द त्यात तंतोतंत बसतात. त्याच ‘इ’मध्ये हायड्रॉक्साइड १०० ऐवजी ५० मिली असतं, तर ५ मिलिमोल आम्ल आणि ५ मिलिमोल ॲसिटेट उरून उत्तम बफर झालं असतं. रसायनं तीच, फरक फक्त मापाचा.

‘आ’मध्ये अभिक्रियाच नाही. क्लोराइड आयन हायड्रोजन आयनाला धरून ठेवत नाही, त्यामुळे बाहेरून आलेलं आम्ल शोषायला कुणी नाही. इथं एक चोखंदळ शंका येते. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलीत १ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं तर पीएच १.०० वरून जेमतेम १.०५ होतो, मग हेही बफरच नव्हे का? आम्ल मुळातच भरपूर असल्यानं बदल दिसत नाही इतकंच. त्याच द्रावणात दहापट पाणी घाला, पीएच सरळ २ वर जातो. खऱ्या बफरमध्ये दहापट पाणी घातलं तरी पीएच फारसा हलत नाही, मात्र झेलायची ताकद दहावा हिस्सा उरते.

आता दोन सापळे. पहिला, दोन हायड्रोजनवाल्या आम्लांचा. ०.१ मोलार सल्फ्युरिक आम्ल ५० मिली म्हणजे हायड्रोजन आयन ५ नव्हे, १० मिलिमोल. त्यात ०.१ मोलार सोडियम ॲसिटेट १५० मिली घातलं तर १० मिलिमोल ॲसेटिक आम्ल आणि ५ मिलिमोल ॲसिटेट उरतं, बफर आहे, पीएच ४.४६. पण ॲसिटेट १०० मिलीच घेतलं तर ते सगळं संपतं. बेरियम हायड्रॉक्साइडचं तसंच. १०० मिली ॲसेटिक आम्लावर त्याचं ५० मिली द्रावण पूर्ण उदासिनीकरण करतं, सोडियम हायड्रॉक्साइडचं तेवढंच माप मात्र बफर देतं.

दुसरा सापळा, अमोनियाचा. अमोनिया १०० मिली आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली हे बफरच आहे, पण पीएच ९.२५ चं. प्रश्नात ‘आम्लधर्मी’ शब्द असेल तर ते उत्तर चुकलं.

आणि अगदी काठावरचं उदाहरण. हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली, सोडियम ॲसिटेट १०१ मिली. हिशेबानं ॲसिटेट ०.१ मिलिमोल शिल्लक, आम्ल १० मिलिमोल, म्हणून सूत्रानं पीएच २.७६. हे उत्तर अशक्य आहे. तेवढ्याच संहतीच्या, म्हणजे ०.०५ मोलारच्या, नुसत्या ॲसेटिक आम्लाचा पीएच ३.०३ असतो. ॲसिटेट घातल्यानं तो खाली कसा जाईल? झालंय असं, की आम्लाच्या स्वतःच्या विचरणातून, म्हणजे आयनांत फुटण्यातून, येणारं ॲसिटेट सूत्रानं धरलेलंच नाही, आणि इथं तेच जास्त आहे. समतोलाचं समीकरण पूर्ण सोडवलं तर ३.१५ येतो. गुणोत्तर १:१० ते १०:१ या पट्ट्याबाहेर गेलं की सूत्रावर भिस्त ठेवू नका, आणि त्या द्रावणाला बफर म्हणायचीही घाई करू नका.

प्रश्न : ‘ॲसेटिक आम्ल आणि सोडियम फॉर्मेट हे बफर नाही, कारण जोडी एकाच आम्लाची नाही’ असं आम्ही वर्गात सांगतो. एका विद्यार्थ्यानं पीएच मीटर लावून हे बफरसारखं वागतंय असं दाखवलं. खरं काय? (शिकवणी वर्गातील शिक्षक, लातूर)

विद्यार्थी बरोबर आहे. फॉर्मिक आम्लाचा पीकेए ३.७५, ॲसेटिकचा ४.७६. अंतर एकच एककाचं. समान मोल मिसळले की साधारण २४ टक्के ॲसेटिक आम्ल आपला हायड्रोजन आयन फॉर्मेटला देऊन टाकतं. म्हणजे चंचुपात्रात एक सोडून दोन जोड्या तयार होतात, ॲसेटिक आम्ल व ॲसिटेट आणि फॉर्मिक आम्ल व फॉर्मेट. पीएच दोन्ही पीकेएंच्या मधोमध, ४.२५ च्या आसपास स्थिरावतो आणि दोन्ही जोड्या झेलायचं काम करतात.

परीक्षेत पर्यायांमध्ये एकाच आम्लाची जोडी असेल तर तीच निवडायला सांगा. पण ‘असं मिश्रण बफर होऊच शकत नाही’ हे वाक्य वर्गात टाळा. नायट्रिक आम्ल आणि सोडियम नायट्रेट, पर्क्लोरिक आम्ल आणि त्याचा क्षार, ॲसेटिक आम्ल आणि मीठ, ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, यांना मात्र बिनधास्त ‘नाही’ म्हणा. नायट्रस आम्ल आणि सोडियम नायट्राइट ‘हो’. नायट्रिक-नायट्रसची गल्लत दरवर्षी होते.

प्रश्न : ०.१ मोलार ॲसिटेट बफर केलं. ग्लेशियल (जवळपास शुद्ध) ॲसेटिक आम्ल ५.७ मिली आणि सोडियम ॲसिटेट ८.२ ग्रॅम, एक लिटरला. पीएच ४.७६ यायला हवा, मीटर ४.४५ दाखवतो. मीटर ४.० आणि ७.० च्या बफर गोळ्यांवर नीट लावून घेतलाय. (प्रयोगशाळा साहाय्यक, कनिष्ठ महाविद्यालय, नाशिक)

मीटरला दोष देऊ नका. आधी सोडियम ॲसिटेटच्या बरणीवरचं लेबल बघा. ‘ट्रायहायड्रेट’ लिहिलं असणार. निर्जल सोडियम ॲसिटेटचा एक मोल ८२ ग्रॅमचा, पण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत जास्त करून मिळणाऱ्या स्फटिकी क्षारात पाण्याचे तीन रेणू असतात आणि त्याचा मोल १३६ ग्रॅमचा. ८.२ ग्रॅम स्फटिक घेतल्यानं तुम्हाला ०.१ ऐवजी ०.०६ मोल ॲसिटेट मिळालं. ०.६ चा लॉग उणे ०.२२. तुमच्या ०.३१ च्या घसरणीतले ०.२२ इथं सापडले. १३.६ ग्रॅम घ्या.

उरलेले ०.०९ ही चूक नाही. पुस्तकातला ४.७६ हा अतिविरल द्रावणाचा आकडा आहे. द्रावणात आयनांची गर्दी झाली की ॲसिटेट आयनाची परिणामकारक संहती घटते आणि मीटरवर पीएच थोडा खाली दिसतो. ०.१ मोलार आम्ल आणि ०.१ मोलार क्षार अगदी काटेकोर घेतले तरी २५ अंशांना मीटर ४.६५ च्या आसपासच दाखवतो. कागदावरच्या आकड्यासाठी वही लाल करणाऱ्या परीक्षकांनी हे लक्षात घ्यायला हवं.

मीटरवर ४.७६ च हवा असेल तर दोन्ही घटक सुमारे ९०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, मीटरची कांडी आत ठेवा, आणि ढवळत ढवळत १ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं सोडा. साधारण बारा-तेरा मिलीत काम होतं. मग मापन-चंबूत घेऊन खुणेपर्यंत पाणी. आधी लिटर भरून मग पीएच जुळवत बसलात तर आकारमान वाढतं आणि संहती बिघडते. पुढं गेलात म्हणून आम्ल, मग पुन्हा हायड्रॉक्साइड, असं मागं-पुढं करत राहिलात तर पीएच जुळेल, पण द्रावणात नको तेवढं मीठ जमेल.

नाशिकला हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं. सकाळी बाटलीत अर्धा बर्फासारखा खडा आणि वर द्रव दिसला, तर तो वरचा द्रव ओतून घेऊ नका. शुद्ध आम्ल आधी गोठतं, त्यामुळे उरलेल्या द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त असतं आणि तुमचे ५.७ मिली कमी भरतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळं वितळू द्या, हलवून एकजीव करा, मगच मोजा. हातमोजे आणि फ्यूम हूड हवाच, आणि आम्ल पाण्यात घालायचं.

सोडियम ॲसिटेट संपलं असेल तर अडू नका. ग्लेशियल आम्ल ११.४ मिली, म्हणजे ०.२ मोल, आणि १ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली, पाण्यानं एक लिटर करा, तेच बफर मिळतं. आम्ल नसेल तर ट्रायहायड्रेट २७.२ ग्रॅम आणि १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली. या तिसऱ्या वाटेनं ०.१ मोल मीठ फुकट येतं, ते तुमच्या प्रयोगाला चालतं का तेवढं बघा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या उघड्या राहिलेल्या, पाणी सुटलेल्या गोळ्या वजनावर विश्वासानं घेऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा त्यांनी आधीच खाल्लेला असतो, द्रावण अनुमापन (टायट्रेशन) करून घ्या.

झालेलं बफर तपासायचं तर एक लिटरमध्ये १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली घाला. पीएच सुमारे ०.०९ नं उतरेल. तेवढंच आम्ल एक लिटर साध्या डिस्टिल्ड पाण्यात घातलं तर तो थेट २ वर येतो. असंच घालत जाऊन १०० मिली झालं की ॲसिटेट संपतं आणि बफर मोडतं, पीएच पावणेतीनच्या आसपास. ॲसिटेट बफरवर काही आठवड्यांनी बुरशी धरते. फ्रीजमध्ये ठेवा, आणि तंतू किंवा गढूळपणा दिसला की फेकून द्या, गाळून वापरू नका.

प्रश्न : बोरिक आम्ल सौम्य, बोरॅक्स त्याचा सोडियम क्षार. व्याख्येनुसार हे आम्लधर्मी बफर, पण मीटर लावायच्या बोरॅक्स बफरचा पीएच ९.१८ असतो. व्याख्या चुकली की आम्ही? (पदवीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

व्याख्या अपुरी आहे. ३.८१ ग्रॅम बोरॅक्स एक लिटरमध्ये विरघळला की त्यातून बोरिक आम्ल आणि बोरेट आयन समान मोलमध्ये सुटतात. अगदी आदर्श जोडी. पण बोरिक आम्लाचा पीकेए ९.२४, मग पीएच त्याच्याच आसपास राहणार. ‘सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार म्हणजे पीएच ७ खाली’ हे फक्त पीकेए ७ च्या बराच खाली असणाऱ्या आम्लांना लागू आहे. फॉर्मिक ३.७५, बेंझोइक ४.२०, ॲसेटिक ४.७६ यांच्याबाबत नियम बिनचूक वाटतो, कारण पाठ्यपुस्तकातली उदाहरणं तिथलीच असतात.

उलट बाजूनं बघा. अमोनियम आयन हेही सौम्य आम्लच, पीकेए ९.२५, आणि अमोनिया त्याची संयुग्मी आम्लारी. म्हणजे ज्याला आपण आम्लारीधर्मी बफर म्हणतो तेही त्याच सूत्रात बसतं. दोन प्रकार आणि दोन सूत्रं पाठ करायची आपल्याकडची पद्धत केवळ सोयीची आहे. एकच सूत्र पुरतं.

ते सूत्र मुळात रक्ताच्या अभ्यासातून आलं. १९०८ साली हेंडरसननं कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांच्या समतोलाचा संबंध मांडला, १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसननं पीएचची कल्पना दिली, आणि हॅसलबाल्खनं पुढं दोन्ही सांधून लॉगचं रूप दिलं. रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण २०:१ असतं, शरीराच्या तापमानाला पीकेए ६.१, म्हणून पीएच ७.४. १:१० ते १०:१ चा नियम इथं मोडलेला दिसतो, पण शरीर श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतं. बंद चंचुपात्राला ती सोय नाही.

प्रश्न : मातीतलं उपलब्ध पालाश (पोटॅशियम) काढायला आम्ही सामू (पीएच) ७ चं १ नॉर्मल (इथं १ मोलारच) अमोनियम ॲसिटेट वापरतो. हे बफर आहे का? एकच क्षार आहे, आम्ल वेगळं घातलेलं नाही. (मृद परीक्षण प्रयोगशाळेतील साहाय्यक, जळगाव)

आहे, पण दुबळं. अमोनियम ॲसिटेटमध्ये दोन अर्ध्या जोड्या आहेत. ॲसिटेट आयन आम्ल झेलू शकतो पण त्याची ताकद ४.७६ ला, अमोनियम आयन आम्लारी झेलू शकतो पण त्याची ताकद ९.२५ ला. सामू ७ नेमका मधल्या खळग्यात पडतो. हिशेब केला तर १ मोलार अमोनियम ॲसिटेटची ७ ला जी झेलायची क्षमता आहे, ती ०.०५ मोलार आम्ल आणि ०.०५ मोलार ॲसिटेटच्या साध्या बफरच्या निम्म्याहून कमी भरते. संहती वीसपट असून ही गत.

म्हणून सामू जुळवताना तो थेंबाथेंबाला उड्या मारतो. ५७ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि सुमारे ६८ मिली संहत अमोनिया, आधी ९०० मिलीच्या आत पाणी घेऊन त्यात. अमोनियाच्या बाटलीतून वायू उडत राहतो, जुनी बाटली कमी भरते, त्यामुळे मापावर विसंबू नका. द्रावण गार होऊ द्या, मग मीटर लावून विरल अमोनिया किंवा विरल ॲसेटिक आम्लानं ७.० करा आणि लिटर भरा. गरम असताना जुळवलेला सामू गार झाल्यावर सरकतो. झाकण घट्ट ठेवा, आणि दर वेळी वापरण्याआधी सामू बघा.

एकच क्षार बफर होतो का, हे दोन पीकेएंमधल्या अंतरावर ठरतं. मीटरसाठीचं ४.०१ चं बफर म्हणजे एक लिटरमध्ये १०.२१ ग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. त्याचे पीकेए २.९५ आणि ५.४१, अंतर अडीच, म्हणून एकट्यानंही बऱ्यापैकी काम करतं. सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये अंतर पाचाचं आहे, २.१५ आणि ७.२०. त्याचं एकट्याचं द्रावण ४.७ च्या आसपास असतं, पण बफर म्हणून निरुपयोगी. त्यात डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट मिसळलं की ७.२ ला मजबूत बफर होतं. सायट्रिक आम्लाचे तीन पीकेए ३.१३, ४.७६ आणि ६.४० इतके जवळ आहेत, की त्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घाला नाहीतर जास्त, अडीच ते साडेसहापर्यंत कुठंही बफरच मिळतं.

प्रश्न : शाळेत ॲसेटिक आम्लाची बाटली मुलांच्या हाती देता येत नाही. घरगुती साहित्यातून बफर दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षिका, चिपळूण)

येईल. लेबलवर ४ टक्के लिहिलेलं पांढरं व्हिनेगर १०० मिली घ्या. त्यात सुमारे ६७ मिलिमोल ॲसेटिक आम्ल असतं. त्यातलं निम्मं उदासीन करायला खाण्याचा सोडा २.८ ग्रॅम लागतो. बेकिंग पावडर नको, त्यात स्टार्च आणि घन आम्ल मिसळलेलं असतं. सोडा चिमटी-चिमटीनं, मोठ्या भांड्यात घाला, फेस उतू जातो. बुडबुडे थांबल्यावर पीएच पट्टी साडेचार ते पाचच्या दरम्यान दाखवेल. ०.५ च्या टप्प्यांची पट्टी घ्या, १ ते १४ वाल्या साध्या पट्टीवर फरक कळत नाही.

मग त्यातलं ५० मिली एका पेल्यात आणि ५० मिली साधं डिस्टिल्ड पाणी दुसऱ्यात घेऊन दोन्हींत चहाचा एक चमचा व्हिनेगर घाला. पाण्यातली पट्टी तीनच्या आसपास येईल, बफरमधली जागची हलणार नाही. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे तेही थोडं झेलतं आणि मुलं गोंधळतात. सोडा ५.६ ग्रॅम टाकला तर आम्ल सगळं संपून सोडियम ॲसिटेट उरतं. असा तिसरा पेला शेजारी ठेवाच, सांगलीच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातला, सर्वांत जास्त मुलांना फसवणारा ‘इ’ पर्याय तो हाच.